शिरगणती गेली, दप्तर आहे

घराण्याचा इतिहास धुंडाळणाऱ्यांची चार डोकी एकत्र आली की एक विधान हमखास कानी पडते. साहेबाच्या देशात साध्या मोच्याच्या पणतूलाही आपला पणजोबा १८८१ साली कोणत्या गल्लीत, कोणत्या घरात, कोणाकोणासह राहत होता हे शोधून काढता येते. आपल्याकडे राजे, सरदार आणि इनामदार सोडले तर कोणाचाच माग लागत नाही, कारण शिरगणतीचे मूळ कागदच उरलेले नाहीत. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात या विधानाला एक पुरवणीही जोडतात: गावे कारखान्यांत गेली, कारखान्यांमागून टॉवर आले, आता कुठली कुळे आणि कुठला शोध?

हे मत मांडणारे अडाणी नाहीत. त्यांतले बरेचजण चांगले वाचलेले आहेत आणि त्यांची हळहळ खरी आहे. म्हणून त्यांचा पूर्वपक्ष त्यांच्याच ताकदीने मांडला पाहिजे. प्रतिपक्ष दुबळा करून मिळवलेल्या विजयाला वादात किंमत नसते.

तर पूर्वपक्ष असा. इंग्लंडमध्ये १८४१ च्या गणनेपासून घरोघरच्या माणसांची नावे नोंदली गेली. १८५१ पासून प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी नाते, वय, धंदा आणि जन्मगाव आले. गणकांनी भरलेल्या वह्या सरकारने जपल्या आणि शंभर वर्षे उलटली की त्या लोकांना खुल्या केल्या. आपल्याकडे १८७२ साली पहिली गणना झाली. १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री देशभर एकाच वेळी माणसे मोजली गेली. मुंबई इलाख्याचे काम जे. ए. बेन्स यांच्याकडे होते. हेच गृहस्थ पुढे १८९१ च्या अखिल भारतीय गणनेचे प्रमुख झाले. घरांना क्रमांक घातले, माणसागणिक वय, जात, भाषा, जन्मस्थान, धंदा असे रकाने भरले. त्यांवरून तक्ते झाले, जाडजूड अहवाल छापले गेले, आणि भरलेले मूळ फॉर्म मात्र काम संपल्यावर कोणी ठेवले नाहीत. आज चाकणची त्या सालची लोकसंख्या मिळेल; चाकणची माणसे मिळणार नाहीत. जे कागद उरले ते जमिनीचे, म्हणजे जमीनवाल्यांचे. त्यांतही आडनावांचा ठिकाणा नाही, तीच ती नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरतात. सबब, रयतेच्या कुटुंबाचा इतिहास १९५० च्या मागे नेणे अशक्य.

यातले पहिले पाऊल मला मान्य आहे. फॉर्म गेले. पण त्यावरून शेवटच्या ‘सबब’पर्यंत जी उडी मारली आहे, ती मान्य नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो या मताला नकळत बळ देतो. इंग्रजांनी आपल्याच नोंदी तेवढ्या हेतुपुरस्सर नष्ट केल्या, अशी एक चुटपुट या चर्चेत नेहमी असते. पण आयर्लंडच्या १८६१ आणि १८७१ च्या वह्या सरकारनेच निकालात काढल्या. १८८१ आणि १८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगद्यात गेल्या. त्याआधीच्या बहुतेक १९२२ च्या आगीत भस्म झाल्या. खुद्द इंग्लंड-वेल्सची १९३१ ची गणना १९४२ मध्ये जळाली. अमेरिकेच्या १८९० च्या गणनेचा घास १९२१ च्या आगीने घेतला. कागद संपतात ते बहुधा जागेच्या टंचाईने, हेळसांडीने आणि विस्तवाने. द्वेषाची गरज पडत नाही. शिवाय आपले फॉर्म जपले असते तरी ते तुमच्या हाती पडले असते, ही समजूत कशाच्या आधारावर? १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमाने गणनेच्या नोंदी पाहण्याचा हक्क कोणालाच दिलेला नाही. त्या पुरावा म्हणूनही चालत नाहीत. शंभर वर्षांनी कुलूप काढण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. ज्या खजिन्यासाठी आपण उसासे टाकतो, तो असता तरी कुलपातच असता.

आता मुख्य प्रश्न. शिरगणती नेमके काय नोंदते? एका ठरावीक रात्री एका छपराखाली कोण होते, एवढेच. त्या रात्री मुक्कामाला आलेला पाहुणा घरात मोजला जातो. कामासाठी बाहेरगावी असलेला मुलगा मोजला जात नाही. आकुर्डीच्या एखाद्या घरातला थोरला मुंबईच्या गिरणीत असेल, मधला खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याजवळ खोली करून राहत असेल, धाकटा घरी नांगर धरत असेल, तर शिरगणतीच्या लेखी ही तीन निरनिराळ्या ठिकाणची तीन माणसे. त्यांना भाऊ म्हणून जोडणारा धागा तिच्यात नाही. पश्चिम महाराष्ट्राचे गेल्या दीडशे वर्षांचे कुटुंबजीवन म्हणजे अर्धे घर गावात आणि अर्धे घर मुंबईत. अशा कुटुंबाचा पट छप्पर मोजून कसा उलगडणार? वयाची गोष्ट तर विचारूच नका. वीस, तीस, चाळीस अशा गोल वयांवर माणसांची गर्दी होते, ही तक्रार गणनेचे अधिकारी आपल्याच अहवालांत करत आले. बायकांची नावे सांगायला घरची मंडळी कचरली तर नावाच्या जागी नुसते ‘स्त्री’ लिहिण्याची सवलत गणकांना होती. इंग्लंडच्या १८४१ च्या वह्यांतही मोठ्यांची वये पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत, हे तिथल्या संशोधकांना ठाऊक असते. आपल्याकडच्या साहेबभक्तांना ठाऊक नसते.

वाचकहो, इथवर मी फक्त खंडन केले. शिरगणती अपुरी आहे म्हणून दप्तर आपोआप पुरेसे ठरत नाही. ते वेगळे सिद्ध करावे लागेल.

दख्खनच्या गावात शिरगणतीचा कागद भरायला बसणारा माणूस बहुतेक वेळा कुलकर्णी नाहीतर शाळामास्तर असे. कुलकर्ण्याने त्या रात्री भरलेला फॉर्म कचेरीत गेला आणि संपला. त्याच कुलकर्ण्याच्या घरातले दप्तर राहिले. इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून या दप्तरात गावाचा ‘थळझाडा’ असे. गावची जमीन मूळ घराण्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थळांत वाटलेली असे. कोणत्या थळात कोण मिरासदार म्हणजे वंशपरंपरागत मालक, कोण उपरी म्हणजे बाहेरून आलेला कसणारा, ते त्यात लिहिलेले. आणि जे घराणे नांदतेच उरले नाही, त्याची जमीन ‘गतकुळी’ म्हणून त्याच्याच नावाखाली दाखवलेली. निर्वंश झालेल्या कुळाचे नाव त्याची जमीन दुसरा कोणी कसत असतानाही टिकवून धरणारा हा कागद आहे. जगातली कोणती शिरगणती मेलेल्या घराची नोंद ठेवते?

‘हे सगळे सर्वसाधारण झाले; आमच्या भागातले काही दाखवा,’ असे कोणी म्हणेल. दाखवतो. तेही सहज हाती येणारे चिंचवडच्या देवांचे उदाहरण बाजूला ठेवून. मोरया गोसावींच्या वंशाच्या आणि संस्थानच्या कागदांवर लॉरेन्स प्रेस्टन यांनी आख्खा ग्रंथ लिहिला. केंब्रिजने तो १९८९ मध्ये छापला. पण देव घराणे इनामदार. प्रतिपक्ष लगेच म्हणेल, इनामदारांचे कागद असणारच. म्हणून मी पिंपळे सौदागरला जातो.

आज तिथे सोसायट्यांच्या कमानी आणि कॉफीची दुकाने आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते पवनेकाठचे साधे कुणब्यांचे गाव होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह या गावाचा कानाकोपरा तपासला आणि १९१७ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. हिंदुस्थानातल्या ग्रामअभ्यासांत ते फार वरच्या पंगतीला बसते. आपल्याच शहराच्या हद्दीतल्या या गावाची ही कीर्ती आपल्या शहरात मात्र फारशी कोणाला माहीत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. मॅन यांनी दाखवले की, १७७१ मध्ये या गावातल्या धारणेचे सरासरी क्षेत्र ४० एकर होते. १८१८ मध्ये ते साडेसतरा एकर झाले. १८२० ते १८४० च्या दरम्यान १४ एकर. आणि १९१४-१५ मध्ये अवघे ७ एकर. त्या शेवटच्या सालात १५६ खातेदारांच्या जमिनीचे सातशेंहून अधिक तुकडे पडलेले होते. त्यांतले ४६३ तुकडे एका एकराहून लहान, त्यांतही ११२ पाव एकराहून लहान.

हे आकडे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत तुकडेबंदीच्या संदर्भात अनेकांनी वाचलेले असतील. मी ते वेगळ्या कारणासाठी मांडतो आहे. सरासरी काढायला भाजक लागतो. १७७१ ची सरासरी ४० एकर निघाली, याचा अर्थ त्या सालच्या खातेदारांची मोजदाद आणि त्यांच्याकडची जमीन कुठेतरी लिहून ठेवलेली होती. पानिपतानंतर दहा वर्षांनी, थोरल्या माधवरावांच्या अमदानीत, राजधानीजवळच्या एका सामान्य गावाची ही अवस्था. तिथपासून १९१५ पर्यंत, पेशवाई बुडाली, कंपनी आली, कंपनी जाऊन राणी आली, तरी तुलना करता येईल इतकी साखळी टिकून राहिली. आणि ४० एकरांचे ७ एकर कशाने झाले? वाटण्यांनी. पाव एकराचा प्रत्येक तुकडा म्हणजे कोणत्यातरी बांधावर भावाभावांत झालेला एक निर्णय आहे. कुटुंबाचा इतिहास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

इथे प्रतिपक्षाची एक हरकत रास्त आहे आणि ती मी दडवणार नाही. खातेदार म्हणजे कुटुंब नव्हे. एका खात्यामागे दोन चुली असू शकतात, एका चुलीमागे तीन खाती. खरे आहे. पण पेशवेकालीन कागदांत जमिनीच्या झाडतीबरोबर घरांच्या आणि माणसांच्या याद्याही आहेत. त्यांना खानेसुमारी म्हणत, घरझाडा म्हणत. सुमित गुहा यांनी १९९८ मध्ये पश्चिम भारतातील १७०० ते १९५० या काळातल्या कुटुंबाच्या आकारावर आणि घडणीवर निबंध लिहिला, तो असा आधार असल्याशिवाय लिहिता आला असता काय? पुण्याच्या पुराभिलेखागारात अशा कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. ते मोडीत आहेत, ही अडचण वाचणाऱ्याची. तिचे खापर कागदावर का फोडावे?

आता नावांचा मुद्दा. तीच ती नावे फिरतात म्हणून माणूस ओळखता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी महसुली कागदातले एक नाव पूर्ण वाचलेले नसावे. तिथे माणूस एकटा येत नाही. ‘अमुक बिन तमुक’ म्हणजे बापाच्या नावासह येतो. पुढे बहुधा आडनाव, मग मौजे, मग शेताचा नंबर. पिंपळे सौदागरचे काटे, आकुर्डीचे काळभोर, भोसरीचे लांडगे, थेरगावचे बारणे. तिकडे नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडी तर आडनावे अंगावर घेऊनच नकाशात बसल्या आहेत. एका गावात दोन लक्ष्मण काटे असतील. पण दोघांचे बाप एकाच नावाचे आणि दोघांचा बांधही एकच, हे किती वेळा घडेल? उलट लंडनच्या वस्तीतला जॉन स्मिथ बापापासून वेगळा राहत असेल तर तिथल्या गणनेत त्याच्या बापाचे नाव येतच नाही. ‘बिन’ची साखळी मात्र बाप मेला, परागंदा झाला, वेगळा निघाला तरी तुटत नाही.

१९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि गावोगाव फेरफारवही आली. या वहीत रकाने चारच: नोंदीचा क्रमांक, मिळालेल्या हक्काचे स्वरूप, परिणाम झालेले सर्व्हे नंबर, तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा. दुसऱ्या रकान्यात सगळा संसार असतो. नमुन्याखातर एका वारसनोंदीची धाटणी सांगतो. खातेदार चार महिन्यांपूर्वी मयत. वारस मुलगे दोन. पैकी धाकटा अज्ञान, त्याची पालनकर्ती आई. थोरला मुंबईस नोकरीला. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्याचे नाव दाखल. वर्दी चुलत्याने दिली. पाच-सहा ओळी. त्यांत मृत्यूचा सुमार, दोन भावांतले वयाचे अंतर, विधवा, मुंबई आणि चुलत्याशी अद्याप बोलणे होते हेही आले. ‘एकुमॅ’ (एकत्र कुटुंबाचा मॅनेजर), ‘अपाक’ (अज्ञान पालनकर्ता) हे दोन शेरे ज्याला वाचता येतात, त्याला घराची कर्ती सत्ता कोणाकडे होती आणि पोरकी पोरे कोणाच्या पदरात होती हे सांगावे लागत नाही. पुढे काही वर्षांनी त्याच नंबरावर ‘अज्ञान सज्ञान झाल्याने’ अशी नोंद येते आणि धाकट्याची उमर कळते. शिरगणती दर दहा वर्षांनी एकदा दारावर थाप मारते. फेरफार घरात जेव्हा घडते तेव्हा लिहिला जातो. याच्या जोडीला गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, आणि शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर ठेवा. ज्याला घराचा माग म्हणतात तो आणखी किती उजळ हवा?

‘हे जमीनवाल्यांचे झाले, ज्याला गुंठाही नव्हता त्याचे काय?’ हा प्रतिपक्षाचा सर्वांत धारदार बाण आहे. त्याचे अर्धे उत्तर माझ्याकडे आहे. १८७४ च्या वतन कायद्याने वतनदारांची रजिस्टरे झाली, आणि त्यांत फक्त पाटील-कुलकर्णीच आले असे नाही. महार वतनाची जमीन या पट्ट्यातल्या गावोगाव होती; तिच्या तक्षिमा, तिचे वाटेकरी कागदावर होते. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ म्हटलेली गाववतने नष्ट झाली, तेव्हा जमीन परत मिळवण्यासाठी वारसांच्या याद्या पुन्हा द्याव्या लागल्या. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांची वंशावळ गावाच्याच दप्तरात अशी दोनदा आली. उरलेले अर्धे मात्र मी कबूल करतो. ज्याच्याकडे ना मिरास, ना वतन, ना कुळवहिवाट, असा मजूर आणि सासरी गेलेली मुलगी, जिला १९५६ पर्यंत बापाच्या जमिनीत भावांबरोबर वाटा नव्हता, त्या दोघांना हे दप्तर फार क्वचित विचारते. विधवा दिसते, आई दिसते, बहीण बहुधा गळते. इथे इंग्लंडच्या वह्या सरस आहेत, यात संशय नाही. पण हा तोकडेपणा काही माणसांपुरता आहे. त्याच्या बळावर अवघ्या रयतेला बिनकागदाची ठरवणे ही कोणती तर्कपद्धती?

राहता राहिली कारखान्यांची पुरवणी. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठीत औद्योगिक महामंडळाने जमिनी घेतल्या, १९७२ मध्ये नवनगर प्राधिकरण आले, मग चाकणची पाळी. गावे गिळली गेली आणि माग पुसला, असे म्हणतात. मला तर वस्तुस्थिती नेमकी उलटी दिसते. भूसंपादनाचा प्रत्येक निवाडा म्हणजे खातेदार, सहधारक, वारस आणि हरकतदार यांची नावनिशीवार यादी. शेताला कवडीचे मोल होते तोवर आजोबाच्या तीन मुलांपैकी कोणाचे नाव सातबाऱ्यावर लागायचे राहिले, याची कोणी चौकशी करत नव्हते. गुंठ्याला सोन्याचा भाव आला आणि चुलत-मावस सगळे कागद घेऊन हजर झाले. पिंपळे सौदागरला किंवा वाकडला ज्याने फ्लॅट घेतला त्याने आपली फाईल उघडून वकिलाचा सर्च रिपोर्ट काढावा. बँकेसाठी जोडलेला तो कंटाळवाणा कागद नीट वाचला तर फेरफार क्रमांकानिशी एका शेतकरी कुटुंबाच्या तीन-चार पिढ्या त्यात असतात: कोण कधी वारला, कोणाचे नाव लागले, कोणी हक्कसोडपत्र दिले, कोणाचा दावा निकालात निघाला. परक्या घराची वंशावळ उशाशी घेऊन झोपणारा हा नोकरदार ‘इथे कुळांचा माग राहिला नाही’ म्हणतो, तेव्हा मला हसू आवरत नाही. चाकणला कारखान्यांच्या पाट्यांवर आजही ‘गट नंबर’ रंगवलेला असतो. त्या गटामागे जमिनींच्या एकत्रीकरणाआधीचा सर्व्हे नंबर आहे, आणि सर्व्हे नंबरामागे शेतवारपत्रक.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभरच्या तहसील कचेऱ्यांत जुनी दप्तरे उघडली गेली. त्यामागच्या मराठा आरक्षणाच्या मागणीच्या राजकारणात मला इथे शिरायचे नाही. पण कोणते कागद तपासले ते पाहा: गाव नमुना चौदा, पाहणीपत्रके, हक्कनोंदीची पत्रके, शाळांची रजिस्टरे, खरेदीखते. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी बोलावणी येऊ लागली. जे नाहीत असे आपण वर्षानुवर्षे म्हणत होतो, तेच हे कागद.

निवाडा वाचकांनी करावा. मी फक्त एक परीक्षा सुचवतो. आपल्या भागातला कोणताही एक सर्व्हे नंबर किंवा गट नंबर निवडा. सातबाऱ्यावरून फेरफार क्रमांक घ्या आणि एकेक करत मागे जा. जुने फेरफार शासनाने स्कॅन करून बरेचसे पाहायला ठेवले आहेत. उरलेल्यांसाठी पिंपरीकडच्या बहुतेक गावांना हवेलीचा आणि चाकणकरांना राजगुरुनगरचा अभिलेख कक्ष आहे. तिथून भूमी अभिलेख कार्यालयातले शेतवारपत्रक, तिथून पुराभिलेखागारातले रुमाल. सोबतीला मोडी जाणणारा एक माणूस घ्या. वाट मध्येच तुटली तर जरूर दाखवा. मात्र कोणत्या साली आणि कोणत्या नमुन्यावर तुटली ते सांगा. ‘शिरगणतीचे कागद राहिले नाहीत’ हे त्याचे उत्तर धरले जाणार नाही.